गर्भपाताचा मुद्दा मोजायचा तर व्होटकास्ट की एडिसनचा एक्झिट पोल?

अमेरिकेतल्या चुरशीच्या लढतींवर गर्भपाताच्या मुद्द्याचा किती परिणाम झाला हे पाहायचं असेल, तर २०२२ आणि २०२४ च्या निवडणुकांसाठी दोन मोठी सर्वेक्षणं हाताशी आहेत आणि दोन्हींचे मुख्य आकडे फुकट मिळतात. एक आहे एडिसन रिसर्चचा एक्झिट पोल, जो त्या निवडणुकांत सीएनएन, एनबीसीसारख्या वाहिन्यांनी वापरला. दुसरं एपी वृत्तसंस्था आणि शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी संस्थेचं व्होटकास्ट, २०१८ ते २०२४ मधल्या निवडणुकांतलं. आपल्याकडे एक्झिट पोल म्हटला की जागांचा अंदाज आठवतो. तिथे मात्र मतदाराने कशासाठी मत दिलं, याचं ते मुख्य साधन आहे.

२०२२ चे आकडे शेजारी ठेवले तर नवा वाचक गोंधळतोच. एडिसनमध्ये २७ टक्के मतदारांनी गर्भपात हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला, महागाईच्या जेमतेम मागे. व्होटकास्टमध्ये हाच आकडा १० टक्क्यांच्या आसपास. खोट पर्यायांच्या यादीत आहे. एडिसनने पाचच पर्याय दिले होते: महागाई, गर्भपात, गुन्हेगारी, बंदुका, स्थलांतर. व्होटकास्टची यादी बरीच लांब होती आणि तिच्यात महागाईऐवजी अर्थव्यवस्था व रोजगार असा मोठा पर्याय होता. त्यामुळे या दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एडिसनचे दोन वर्षांचे आकडेही जपूनच: २०२४ मध्ये गर्भपात १४ टक्क्यांवर आला, पण त्या वर्षी यादीत 'लोकशाहीची स्थिती' हा नवा पर्याय होता आणि तो ३४ टक्क्यांनी निवडला. मुद्दा निम्म्याने ओसरला, असा अर्थ त्यातून काढणं चूक आहे.

आमची पसंती व्होटकास्टला, कारण २०२२ मध्ये त्याने गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द झाल्याचा तुमच्या मतावर किती परिणाम झाला, हे वेगळं विचारलं. 'सर्वांत महत्त्वाचा मुद्दा' या प्रश्नाची अडचण अशी की गर्भपात निवडणारे बहुतेक आधीपासूनच एका बाजूचे असतात. एडिसनमध्ये २०२२ साली त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांनी डेमोक्रॅटिक, म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या पक्षाच्या, उमेदवाराला मत दिलं. त्यातले किती जण एरवी घरीच बसले असते, हे त्या टक्केवारीतून कळत नाही, आणि अटीतटीच्या लढतीत नेमकं तेच हवं असतं.

खरोखर काठावरच्या लढतीत मात्र दोन्ही कमी पडतात. ॲरिझोनात २०२२ मध्ये ॲटर्नी जनरलपदी (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) डेमोक्रॅट क्रिस मेयस फेरमोजणीनंतर २८० मतांनी निवडून आल्या. एकूण मतं सुमारे २५ लाख. कुठल्याही सर्वेक्षणाची चूक यापेक्षा कितीतरी मोठी असते. गर्भपातामुळेच त्या जिंकल्या असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

तिथे अधिकृत निकालच उघडावा. २०२४ मध्ये ॲरिझोनात गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाली, अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन ट्रम्प साडेपाच टक्क्यांनी जिंकले आणि सिनेटची जागा डेमोक्रॅट गॅयेगो यांना मिळाली. तिन्ही एकाच मतपत्रिकेवर. नेवाडातही तसंच: हक्काच्या बाजूने ६४ टक्के, वर ट्रम्प विजयी, सिनेटमध्ये डेमोक्रॅट रोझन. म्हणजे हक्काला 'हो' म्हणणाऱ्या पुष्कळांनी ट्रम्प यांनाही मत दिलं, पक्ष बदलला नाही. आमच्या मते मुद्दा स्वतंत्र प्रश्न म्हणून मतपत्रिकेवर आला, की उमेदवारावरचा त्याचा दाब उलट कमी होऊ शकतो. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) फरक काढला की हे जास्त स्पष्ट दिसतं.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. मतदानाच्या रात्रीचे आकडे उतरवून ठेवू नका: दोन्ही सर्वेक्षणं अंतिम निकालाशी जुळवून नंतर सुधारली गेली. आणि व्होटकास्टची मूळ फाइल घेतलीत तर राज्याच्या आकड्यासाठी राज्याचा भारांक (प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा) वापरा, देशाचा नव्हे. भारांक न लावता नुसती डोकी मोजली तर उत्तर हमखास चुकतं.