टॉपिकवाइज सराव की मिक्स पेपर? दोन्ही करून बघितल्यावर

गणित, विज्ञान आणि उताऱ्यावरचे प्रश्न असं सगळं एकाच पेपरात येणारी कुठलीही स्पर्धा परीक्षा घ्या, अभ्यासक्रम एकदा वाचून होत आला की हा प्रश्न पडतोच. आता रोज एक टॉपिक धरून त्याचे पन्नास-शंभर प्रश्न काढायचे, की सगळं मिसळलेले पेपर सोडवायला घ्यायचे? मी पहिल्या वर्षी पहिलं केलं आणि दुसऱ्या वर्षी दुसरं, म्हणून दोन्हीबद्दल थोडंफार सांगू शकतो. पुस्तकं कुठली आणि दिवसाला किती तास वगैरे तुम्ही ठरवलेलं असणार, त्यात जात नाही.

आधी टॉपिकवाइजबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवायची नाहीत. नवीन टॉपिक शिकताना त्याला पर्यायच नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग हे पहिल्यांदा हातात घेतलं की पहिले दहा-बारा प्रश्न चुकतात, मग एखादी रीत डोक्यात बसते, मग हात आपोआप चालायला लागतो, आणि हे एका बैठकीत सलग केल्याशिवाय होत नाही. ज्याचं गणित शाळेपासून कच्चं राहिलंय त्याला पहिल्याच आठवड्यात मिक्स पेपर दिला तर तो बिचारा खचून जाईल. संध्याकाळी वहीत पन्नासपैकी सत्तेचाळीस बरोबर दिसले की दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं, हा फायदा पण छोटा नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तो लागतो.

मग मला खटकलं काय, तर पानाच्या डोक्यावर छापलेलं प्रकरणाचं नाव.

म्हणजे बघा, हा प्रश्न. दोन घंटा आहेत, एक दर 12 मिनिटांनी वाजते, दुसरी दर 18 मिनिटांनी, आत्ता दोन्ही एकदम वाजल्या तर परत एकदम कधी वाजतील? लसावि, 36 मिनिटांनी. आता दुसरा. 12 मीटर आणि 18 मीटरच्या दोन दोऱ्या आहेत, काही वाया न घालवता दोन्हीचे सारख्या लांबीचे तुकडे करायचेत, तुकडा जास्तीत जास्त किती लांब? मसावि, 6 मीटर. आकडे तेच, पण उत्तरं पार वेगळी. या दोन प्रश्नांत खरी अवघड गोष्ट कुठली? लसावि काढणं नाही, तो तर शाळेतच शिकून झालेला असतो. अवघड आहे ते हे ओळखणं की इथे लसावि लागणार की मसावि. आणि नेमकं तेवढंच काम पुस्तक माझ्यासाठी करून ठेवत होतं, कारण आधी चाळीस प्रश्न लसाविचे आणि मग चाळीस मसाविचे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून मी वाक्य वाचायचं सोडून दिलं होतं, नुसते आकडे उचलायचो आणि लसावि काढून मोकळा व्हायचो. वीस सेकंदात एक प्रश्न! मला वाटायचं की टॉपिक पक्का झाला.

त्या वर्षी परीक्षेत तीन दिव्यांचा प्रश्न आला, 24, 36 आणि 60 सेकंदांनी लुकलुकणारे, एकदम कधी लागतील. आकडे अजून लक्षात आहेत. मी 12 सेकंद लिहिलं. मसावि काढला होता, आणि पर्यायांमध्ये 12 होतंच, कारण मुलं कुठे घसरतात हे पेपर काढणाऱ्याला बरोबर माहीत असतं. आता शांतपणे बघितलं की कळतं, पहिला दिवाच जर 24 सेकंदांनी लागतोय तर तिन्ही 12 सेकंदांनी कसे लागतील? उत्तर 360 सेकंद, म्हणजे 6 मिनिटं. पण तिथे प्रकरणाचं नाव छापलेलं नव्हतं, आणि नावाशिवाय ओळखायची सवय मला कधी लागलीच नव्हती. (जाता जाता, या जोडीत नावंच फसवतात. लघुतम म्हणावं तर ते येतं मोठं आणि महत्तम म्हणावं तर ते येतं छोटं. उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं यायला हवं की लहान एवढं आधी विचारलं की गोंधळ बराचसा मिटतो.)

विज्ञानात तर हे जास्तच. रोधांच्या प्रकरणात 6 ओहम आणि 3 ओहम समांतर जोडले की 2 ओहम येतात, पाठ असतं. कपॅसिटरच्या प्रकरणात 6 आणि 3 मायक्रोफॅरड समांतर जोडले की सरळ बेरीज, 9, तेही पाठ असतं. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी केलं तर एकही चूक होत नाही, आणि एका पेपरात पाच प्रश्नांच्या अंतराने आले की हात थांबतो. तसंच आरसे आणि भिंगांचं. बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतं आणि बहिर्गोल आरसा ते पसरवतो, शब्द एकच पण वागणं उलट. समोर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा कायम आभासी, सुलटी आणि वस्तूपेक्षा लहान देणारे दोन कोण असं विचारलं तर बहिर्गोल आरसा आणि अंतर्गोल भिंग, पण आरसे सोमवारी आणि भिंगं गुरुवारी केलेल्या माणसाच्या डोक्यात हे दोघे कधी शेजारी उभेच राहिलेले नसतात. आणि परीक्षेत विचारतात ते असेच, एकमेकांसारखे दिसणारे.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी मिक्सकडे वळलो. सुरुवात फार वाईट झाली हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. टॉपिकवाइज करताना मला शेकडा 85-90 पडायचे, मिक्समध्ये पहिल्या पेपरला 55 पडले. दुसऱ्याला 52. वर्षभर अभ्यास केलेला माणूस मागे कसा जातो हेच कळेना, आणि दोन-तीनदा वाटलं की आपलं जुनंच बरं होतं. चौथ्या-पाचव्या पेपरनंतर स्कोअर हळूहळू वर यायला लागला, आणि मुख्य म्हणजे पेपर हातात आल्यावर जी धडधड व्हायची ती कमी झाली. हा माझा अनुभव, सगळ्यांचा असाच असेल असं म्हणणं नाही.

नंतर वाचनात आलं की यावर नीट प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या रोहरर आणि टेलर या दोघांनी 2007 मध्ये तो छापला. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, काहींना एकेका प्रकाराचे प्रश्न सलग दिले आणि काहींना मिसळून. सराव करताना सलगवाल्यांचे 89 टक्के बरोबर आणि मिसळलेल्यांचे 60. आठवड्याने परीक्षा घेतली तर मिसळलेल्यांचे 63 टक्के आणि सलगवाल्यांचे 20. हे वाचलं तेव्हा मला माझं पहिलं वर्ष आणि माझी ती 47 बरोबरची वही आठवली. प्रयोग लहान होता, एकाच प्रकारच्या गणितांवर होता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत, पण सरावातला स्कोअर आणि परीक्षेतला स्कोअर उलट दिशेने जाऊ शकतात ही गोष्ट मला पटली, कारण ती मी भोगलेली होती.

आता मिक्सच्या अडचणी. पहिली, वेळ. दोन तासांचा पेपर आणि मग तपासायला तीन तास, कारण प्रत्येक चूक वेगळ्या प्रकरणातली, दर वेळी वेगळं पुस्तक उघडा, वेगळं पान शोधा. टॉपिकवाइजला हे तपासणं अर्ध्या तासात व्हायचं. नोकरी करून अभ्यास करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. दुसरी, तयार पेपरात आपण अजून न केलेली प्रकरणं पण येतात, मग शंभरपैकी तीस प्रश्न तसेच सोडून द्यावे लागतात आणि मन खट्टू होतं.

यावर मी काढलेला उपाय अगदी साधा आहे. जी प्रकरणं करून झालीत तेवढ्याच प्रकरणांच्या चिठ्ठ्या करायच्या, चिठ्ठीवर फक्त पान नंबर आणि प्रश्न नंबर, प्रकरणाचं नाव नाही. पान 43 प्रश्न 7, पान 112 प्रश्न 3, असं. रविवारी बसून साठ-सत्तर चिठ्ठ्या लिहायच्या आणि डब्यात टाकायच्या. रोज पंचवीस काढायच्या आणि पुस्तकाच्या डोक्यावर पट्टी ठेवून, म्हणजे वरचं नाव झाकून, सोडवायच्या. भाऊ, बहीण, मित्र कुणीतरी प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून दिले तर अजून उत्तम. ज्यांना अख्ख्या पेपरची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

उताऱ्यांच्या बाबतीत खरं सांगायचं तर एवढा फरक नाही. उतारा हा मुळातच मिसळलेला असतो, एकाच उताऱ्याखाली एक प्रश्न सरळ माहितीचा, एक अनुमानाचा, एक मध्यवर्ती कल्पनेचा. तरी काही पुस्तकांत फक्त अनुमानाचे प्रश्न एकत्र काढून दिलेले असतात, ते सलग केले की सवय अशी लागते की सरळ प्रश्नातही माणूस काहीतरी दडलेलं शोधत बसतो आणि उताऱ्यात चक्क लिहिलेलं उत्तर सोडून देतो. मिक्स पेपरात मात्र एक गोष्ट कळली जी सुट्या उताऱ्यांत कधी कळली नसती. विज्ञानाचे वीस प्रश्न सोडवून झाल्यावर लगेच विज्ञानावरचाच उतारा आला की आपण उताऱ्यातून नाही, स्वतःच्या माहितीतून उत्तर द्यायला लागतो. पर्याय खरा असतो, पण उताऱ्यात ते म्हटलेलंच नसतं! तेव्हापासून मी उताऱ्याच्या प्रत्येक उत्तरासाठी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतो, ओळ सापडली नाही तर तो पर्याय खोडतो. आणि 'नेहमी', 'केवळ', 'सर्वच' असे शब्द असलेला पर्याय दोनदा वाचतो.

सोडून द्यायचं काय हे पण मिक्समध्येच शिकता येतं. टॉपिकवाइज सेटमध्ये प्रश्न सोडायचा प्रश्नच येत नाही, सगळे करायचेच असतात. पेपरात मात्र निगेटिव्ह मार्किंग असतं. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण कापत असतील तर डोळे झाकून ठोकलेल्या उत्तराचा सरासरी हिशोब बरोबर शून्यावर येतो, फायदा नाही आणि तोटा पण नाही. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला की उरलेल्या तिनांतून मारलेल्या अंदाजाला सरासरी एक नवमांश गुण मिळतो, म्हणजे तिथे मारायला हरकत नाही. हे कागदावर कळायला दोन मिनिटं लागतात, पण नव्वद मिनिटं झाल्यावर, डोकं दमलेलं असताना, 'हा खोडता येतो, हा येत नाही' असं पटकन ठरवायला पाच-सहा पेपर द्यावेच लागतात.

तर तुम्ही काय करावं? अभ्यासक्रम निम्माही झाला नसेल तर टॉपिकवाइज चालू ठेवा, फक्त झालेल्या प्रकरणांच्या चिठ्ठ्या आजपासून डब्यात टाकायला लागा. सगळं एकदा झालं असेल आणि हातात दोन-तीन महिने असतील तर माझा कल स्पष्टच मिक्सकडे आहे, आठवड्याला दोन पेपर, आणि प्रत्येक पेपरानंतरचा दिवस पूर्ण तपासण्यासाठी. एकाच प्रकरणात तीनदा चुकलात तर त्या एका प्रकरणाकडे एक संध्याकाळ परत जा, टॉपिकवाइजने, त्यात काही कमीपणा नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल आणि आजपर्यंत एकही मिक्स पेपर दिला नसेल, तर मात्र अख्ख्या पेपरांपेक्षा रोज पंचवीस चिठ्ठ्याच बऱ्या, ऐनवेळी पडलेला स्कोअर सावरायला वेळ मिळत नाही.

आणि चुकांची वही ठेवणार असाल तर एक विनंती, त्यात बरोबर उत्तर कसं काढायचं हे लिहू नका, ते पुस्तकात असतंच. लिहा की प्रश्न वाचताना काय ओळखायला हवं होतं, एकाच ओळीत. माझ्या वहीत पहिल्या पानावर दिव्यांचा प्रश्न आहे, आणि पुढे एवढंच लिहिलंय: 'उत्तर 60 पेक्षा लहान असूच शकत नव्हतं.'