किट कार रंगवायची आहे: पूर्ण उघडावी की वरच्या वर रंगवावी?

ब्रिटनमध्ये कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जोडलेली, बरीच वर्षं वापरलेली ‘सेव्हन’ धाटणीची, म्हणजे लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारसारखी, किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडलेली गाडी) तुमच्याकडे आली आहे. रंग उतरलाय, मडगार्डवर चरे पडलेत. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे गाडीचा नट न् नट सुटा करायचा, चासीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) रंगवायची आणि पुन्हा जोडायची. दुसरी म्हणजे नाक, मडगार्ड, बॉनेट आणि दिवे तेवढे उतरवायचे आणि बाकीची गाडी चाकांवर उभी असतानाच रंगवायची. माझं मत आधीच सांगतो: रंग खराब झाला म्हणून गाडी पूर्ण उघडू नये. चासी गंजली असेल, विशबोनचे (चाक चासीला धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, गेले असतील, ब्रेकचे पाइप बदलायला झाले असतील, तर उघडावी. मग रंगाचं काम ओघानं होतंच.

लोटस सेव्हन 1957 मध्ये आली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नसे, म्हणून लोक गाडी घरी जोडायचे. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. करातला फायदा गेला तरी घरी गाडी जोडायचा नाद काही गेला नाही. पुढे वेस्टफील्ड आली, इतर अनेक आल्या. आजच्या निर्णयाशी याचा संबंध असा, की तुमच्या गाडीसारखी दुसरी गाडी जगात नाही. वायरिंग कुठून नेलंय, कुठला बोल्ट मेट्रिक आणि कुठला इंची, हे ज्यानं जोडली त्यालाच ठाऊक. त्यामुळे उघडणं सोपं आणि जोडणं अवघड, हा फरक कारखान्यातून आलेल्या गाडीपेक्षा इथे कितीतरी जास्त जाणवतो.

आधी गाडीचं अंग (बॉडी) कशाचं आहे ते पाहा

बरेच जण या प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात, पण अर्धा निर्णय इथेच होतो. केटरहॅमच्या मधल्या भागावर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तो स्टीलच्या नळ्यांच्या सांगाड्यावर रिव्हेट मारून बसवलेला असतो. नाक आणि मडगार्ड मात्र फायबरचे. हा पत्रा काढायचा तर रिव्हेट ड्रिल करावे लागतात, कडा वाकतात, आणि काढलेला पत्रा पुन्हा नीट बसेल याची आशा फारशी धरता येत नाही. म्हणजे अशा गाडीत ‘पूर्ण उघडणं’ याचा व्यवहारातला अर्थ नवा पत्रा घालणं असाच होतो. तो खर्च आणि ते कौशल्य हिशेबात धरल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

वेस्टफील्डसारख्या गाडीत मधलं अंगही बहुतेक वेळा फायबरचं असतं. बोल्ट-रिव्हेट काढले की दोघं-तिघं मिळून ते अख्खं उचलून बाजूला ठेवता येतं. पूर्ण उघडण्याचा पर्याय खऱ्या अर्थानं आहे तो अशा गाडीला.

चासीला विचारा

निर्णय गाडीखाली झोपूनच घ्या, फोटो पाहून नको. बॅटरीवर चालणारा चांगला दिवा घ्या आणि गाडीच्या तळाचा पत्रा जिथे खालच्या चौकोनी नळीला रिव्हेट केलाय तिथे पाहा. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये मिठाचं पाणी शिरलं, तर आधी ॲल्युमिनियम झिजतं. हिवाळ्यात ब्रिटिश रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हे पाणी शिरतंच. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसेल, पत्रा किंचित फुगलेला वाटेल. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं नळी ठोकत पुढे जा. धड नळी खणखणीत वाजते, आतून गंजलेली बद्द वाजते. मागच्या ॲक्सलची किंवा डिफरन्शियलची पकड जिथे वेल्ड केली आहे आणि पुढचे विशबोन जिथे चासीला धरलेत, त्या जागा सोडू नका. तिथे रंगाखाली फोड आले असतील तर गंज वेल्डच्या कडेनं चाललाय असं समजा.

हे सगळं ठीक निघालं तर वरच्या वर रंगवा. गाडी पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर असेल. बिघडलेलं निघालं तर उघडणं टाळून फायदा नाही, कारण वरचा नवा रंग खालचा गंज थांबवत नाही, फक्त तुमच्या नजरेआड करतो.

चासीवर पावडर कोटिंग की रंग?

उघडायचं ठरलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण डोळे मिटून पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवलेला थर) म्हणतात. ते दिसतं सुंदर. टणक असतं, सगळीकडे सारखं बसतं, आणि ब्लास्टिंगपासून (कणांच्या माऱ्यानं जुना रंग आणि गंज उडवण्यापासून) कोटिंगपर्यंत सगळं एकाच ठिकाणी होऊन येतं. पण दगड लागून त्याचा टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि कोटिंगच्या खालून पसरतं. वरून काळी चकाकी तशीच, खाली गंज. शिवाय त्याची छोटी दुरुस्ती नीट होत नाही.

इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) चासी पेंट याला हाताचं काम जास्त लागतं. पण टवका उडाला तर तेवढीच जागा घासून ब्रशनं रंगवता येते. पुढेमागे वेल्डिंग करावं लागलं तरी तेच. वीस-तीस वर्षं वापरलेल्या चासीसाठी मी रंगच निवडेन. नवीकोरी चासी असेल, किंवा विशबोन आणि ब्रॅकेटसारखे सुटे, बदलता येणारे भाग असतील, तर पावडर कोटिंग, तेही खाली झिंकयुक्त प्रायमर देणाऱ्याकडूनच.

काहीही निवडा, चासी पाठवण्यापूर्वी आट्यांची भोकं बंद करा. पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा असतो. एवढ्यानंही बोल्ट अडतात आणि बुश बसत नाहीत. चासी नंबर कोरलेला असतो ती जागा झाकायला सांगा, तो ब्लास्टिंगनं पुसट होता कामा नये. नळ्यांच्या आत सोडायचं गंजरोधक मेण भट्टीनंतरच सोडा, कारण पावडर साधारण 180 ते 200 अंश सेल्सियसला भाजतात, आणि आत आधीचं तेल किंवा मेण असेल तर ते वितळून बाहेर येतं आणि कोटिंग बिघडवतं.

अंगाचा रंग

फायबरचं अंग असेल तर लगेच रंगवायला घेऊ नका. पुष्कळ किट कारवर रंग नसतोच. दिसतो तो जेलकोट, म्हणजे साच्यातच बसलेला रंगीत थर. उन्हानं तो खडूसारखा फिका पडतो. 1200 ते 2000 नंबरच्या पाणी-पेपरनं घासून रबिंग कंपाउंड मारलं की तो पुष्कळदा पुन्हा उजळतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि आधी करून पाहायला काहीच हरकत नाही. फक्त थर पातळ असतो, तेव्हा कडांवर जोर देऊ नका.

जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर मात्र नुसत्या रंगानं झाकू नका. त्या काही महिन्यांत वर येतात. भेग मुळापर्यंत कोरून, भरून, मग प्रायमर द्यावा लागतो. आणि घासण्याआधी अंग मेण काढणाऱ्या द्रावणानं धुऊन घ्या. साच्यातून काढताना वापरलेलं मेण वर राहिलं असेल, तर घासताना ते आणखी आत जातं आणि नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एच (etch, म्हणजे धातूवर पकड धरणारा) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो, तोही घासल्यावर लगेच, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पाहता पाहता धरतो.

रंग घरी मारायचा की दुकानात? टू-के रंग असेल तर दुकानात द्या, हे मी अगदी ठामपणे सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. घातक प्रमाणाचा वास येतोच असं नाही, आणि हवेतला बारीक फवारा साध्या उजेडात दिसतही नाही. साधा कार्बन फिल्टरचा मास्क यासाठी पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मुलांच्या खोलीखाली हे काम करायचं नाही. शिवाय इथल्या गॅरेजची थंडी आणि ओल या रंगाला मानवत नाही. घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, प्रायमर पेपर मारून गुळगुळीत करणं ही वेळखाऊ कामं घरी करा आणि शेवटचे हात पेंटरकडून मारून घ्या. अशी वाटणी केली तर पैसेही बरेच वाचतात.

पुन्हा जोडताना

पूर्ण उघडलेली गाडी अडते ती रंगात नाही, जोडणीत. दोन्ही वाटांमधला खरा फरक इथेच आहे. अर्धवट उघडलेल्या गाडीत, दिव्यांच्या जोडण्या सोडल्या तर, वायरिंग, ब्रेक आणि स्टिअरिंगला हात लागत नाही. पूर्ण उघडलेल्या गाडीत या तिन्हींची जबाबदारी तुमच्यावर येते. प्रत्येक जोडाचा फोटो काढा, बोल्ट त्या त्या भागासोबत पिशवीत घालून वर नाव लिहा. नायलॉनवाले नट पुन्हा वापरू नका. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून तिचं वजन बसल्यावरच पक्के आवळा, हवेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं. ब्रेक फ्लुइड नव्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उठतो. आणि सगळं जोडून चावी फिरवल्यावर दिवे लागले नाहीत तर घाबरू नका. बहुतेक वेळा अर्थिंगच्या जागी रंग बसलेला असतो. तेवढी जागा धातूपर्यंत घासा, वायर घट्ट बसवा आणि वर ग्रीस लावा.

कागदपत्रांचं काम त्या मानानं सोपं. रंग बदलला तर डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला) कळवून व्ही-फाइव्ह-सीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद करून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. विमा कंपनीलाही कळवा. गाडी सुटी पडून आहे आणि टॅक्स भरायचा नाही, तर सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवा. चासी तीच ठेवून फक्त रंगवली तर प्रश्न येत नाही, पण ती कापून बदलायची असेल तर कापण्याआधी डीव्हीएलएचे नियम वाचा. तिकडे पुण्या-मुंबईत जुनी जीप उघडून रंगवणाऱ्यांनाही रंग बदलल्यावर आरटीओत आरसीवर नोंद करावीच लागते. रस्त्यावर काढण्याआधी चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा तपासून घ्या, आणि एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) मुदत बाकी असली तरी ब्रेक एकदा दुसऱ्या कुणा जाणकाराला दाखवा.