‘राउटर गेलाय’ म्हणून पैसे मागितले, तर आधी दिवे बघा

नेट सारखं तुटतंय म्हणून तक्रार केली की माणूस येतो. राउटर उलटा करतो, खिशातली पिन मागच्या बारीक भोकात घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो. सगळे दिवे विझतात, पुन्हा लागतात, पण इंटरनेटचा दिवा काही लागत नाही. “काकू, राउटर गेलाय. कार्ड उडालंय. नवीन टाकावा लागेल, अडीच हजार होतील.” मघापर्यंत निदान अधूनमधून चालणारं नेट आता साफ बंद झालेलं दिसतं. घरात कुणाची तरी मीटिंग असते, आणि पैसे दिले जातात.

भोकातलं ते बटण रीसेटचं आहे. फायबरच्या राउटरमध्ये, म्हणजे या डब्यात, कंपनीने युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या मार्गिकेचा) नंबर भरलेला असतो. बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांत रीसेट केल्यावर हे सगळं पुसलं जातं. ते परत भरायला जेमतेम पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणजे मेलेला म्हणून दाखवलेला डबा धडधाकट असतो. तो ‘वर्कशॉपला टाकतो’ म्हणून पिशवीत जातो आणि पुसूनबिसून दुसऱ्या कुणाच्या घरी नवा म्हणून बसतो. डबा अनामत भरून घेतलेला असेल तर फटका दुहेरी बसतो, कारण कनेक्शन बंद करताना कंपनी त्याच सीरियल नंबरचा डबा परत मागते.

नव्या डब्यावर नेट सुरळीत चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण डबा बदलताना फायबरचं टोक काढून पुन्हा बसवलं जातं, कपाटामागे दबलेली वायर मोकळी होते, आणि मूळ दोष काही दिवस झाकला जातो. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच सुरू होतं.

दोष ओळखायला बहुधा दिवे पुरेसे असतात. ‘एलओएस’ (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून नेट घेऊन येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. तिथे रीसेट करून काहीही होणार नाही. ‘पॉन’चा (PON) हिरवा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर डबा कंपनीच्या यंत्राशी जोडणी करू पाहतोय, पण ती पुरी होत नाहीये. हे दोन्ही दिवे ठीक आणि फक्त इंटरनेटचा दिवा बंद असेल, तर सेटिंग, खातं किंवा कंपनीकडची अडचण. आणि सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. घरात तो बहुधा १२ व्होल्टचा, १ किंवा १.५ अँपिअरचा असतो. जुना झाला की लोड आल्यावर व्होल्टेज खाली येतं आणि डबा रीस्टार्ट होतो. बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनही तीच हवी. काही शे रुपयांचं हे काम, त्यासाठी राउटर विकला जातो.

प्रकाश किती येतोय ते आकड्यात कळतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो तळाच्या स्टिकरवर असतो), आत स्टेटसच्या पानावर ऑप्टिकल माहितीत ‘आरएक्स पॉवर’ (RX Power), म्हणजे डब्यापर्यंत पोचलेला प्रकाश, दिसते. आकडा डीबीएम या एककात आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या पलीकडे (उणे २८, उणे २९ असा) गेला की नेट तुटणारच, राउटर कितीही महागडा आणा. आकडा दर ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. हे पान उघडत नसेल तर आलेल्या माणसाला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. चांगला लाइनमन न सांगता आधी मीटरच काढतो. भर पावसात गच्चीवर चढून जॉइंट दुरुस्त करणारी अशी माणसं खूप आहेत, त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका.

आकडा पडण्याची कारणं साधी असतात. खिळ्याला करकचून गुंडाळलेली किंवा खिडकीच्या फटीत चेपलेली वायर, गच्चीवरच्या पेटीत शिरलेलं पाणी, डक्टमध्ये उंदरांनी कुरतडलेली केबल. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. फायबरच्या वायरीच्या हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंश तिरकं कापलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात खोचला की तो बसल्यासारखा वाटतो, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. टोक बोटाने किंवा शर्टाने पुसू नका, आणि उघड्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका.

दिवे ठीक, आकडाही ठीक आणि तरी नेट अडखळत असेल, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा. केबलवर नीट चाललं तर दोष वायफायचा. सोसायटीत शेजारपाजारचे राउटर एकाच चॅनेलवर आदळतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडून बघा. हे करण्याआधी ‘बूस्टर घ्या’ म्हणणाऱ्याला थांबवा.

फोनवरची फसवणूक याहून घातक. नेटवर शोधलेला कस्टमर केअरचा नंबर लावला की समोरचा माणूस तुमचा स्क्रीन त्याला दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगतो, मग ‘नोंदणीचे पाच रुपये’ भरायला. कंपनीला तुमच्या डब्याचा प्रकाश तिच्याच यंत्रावरून बघता येतो, त्यासाठी तुमच्या मोबाइलचा स्क्रीन लागत नाही. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधलाच घ्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

डब्याच्या तळाच्या स्टिकरचा, सीरियल नंबर दिसेल असा फोटो आजच काढून ठेवा. रीसेट करायचंच असेल तर आधी तक्रार क्रमांक मागा आणि सेटिंग परत कोण भरणार ते विचारा. पैसे रोख देऊ नका, जीएसटी नंबर आणि नव्या डब्याचा सीरियल नंबर असलेलं बिल घ्या, आणि डबा तुमचा असेल तर जुना हातचा सोडू नका.

आधीच पैसे देऊन झाले असतील तरी वाट बंद झालेली नाही. नवा डबा सहसा कंपनीच्या यंत्रात सीरियल नंबरने नोंदवल्याशिवाय चालत नाही. म्हणून तुमच्या खात्यावर सध्या कोणता नंबर आहे आणि तो कधी बदलला, हे कंपनीला लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तिच्या अपील प्राधिकरणाकडे जा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा.