वणव्याची खबर देणारा नकाशा

मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा धूर सत्तरीतल्या आमच्या काजूबागेपर्यंत आला. अंगणात वाळत घातलेल्या बियांवर राखेचे काळे कपटे पडत होते. ते बघून मी, उपग्रहांना दिसलेल्या आगी नकाशावर ठिपक्यांनी दाखवणाऱ्या नासाच्या 'फर्म्स' सेवेत नाव नोंदवलं. फुकट आहे, आपला भाग आखून दिला की तिथे आग दिसल्यावर ईमेल येतो. बागायतदारांनी घ्यावीच. फक्त एक समजून घ्या: नकाशावरचा ठिपका म्हणजे साधारण 375 मीटरचा चौकोन, नेमकं झाड नव्हे. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात, ढगांआडची आग त्यांना दिसत नाही. तरी फेब्रुवारी ते मे, सकाळी चहाआधी मी तोच नकाशा उघडतो. जवळ ठिपका दिसला की घरचे सगळे पाचोळा ओढायला बांधावर.