मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट? आणि वैद्यकीय इच्छापत्राचं काय?

राहता फ्लॅट, थोड्या मुदतठेवी, दोन मुलं. साठी ओलांडलेल्या अशा जोडप्याला हमखास सल्ला मिळतो, "मृत्युपत्रावरून भांडणं होतात, फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका." हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

त्यामागचं आकर्षण कळतं. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये; स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण अशा बक्षीसपत्राची, म्हणजे बक्षीस दिल्याच्या दस्ताची, नोंदणी झाली की मालकी गेली. उद्या मुलाचं कर्ज थकलं, त्याचा घटस्फोट झाला किंवा नुसतं त्याचं मन बदललं, तरी मनात आलं म्हणून बक्षीसपत्र रद्द करता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आधार देतं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. मात्र ती अट होती हे दाखवावं लागतं. म्हणून द्यायचंच असेल तर सांभाळाची अट आणि आपला तहहयात राहण्याचा हक्क, दोन्ही दस्तात स्पष्ट लिहून घ्या. या दोन ओळींवरून वकिलाशी वाद घालावा लागला तरी घाला.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही आणि शेवटच्या श्वासापर्यंत घर तुमचंच. कितीही वेळा बदला, शेवटचं ग्राह्य. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो वयाने लहान आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. सक्ती नसली तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. "बाबांना तेव्हा समजत नव्हतं" हा आक्षेप लंगडा पडतो. हिंदूंना वडिलोपार्जित मालमत्तेतल्या फक्त आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं. गोव्यात कायदाच वेगळा आहे. मुलं असतील तर निम्म्याच वाट्याची वाटणी आपल्या मर्जीने करता येते.

"सोसायटीत नॉमिनी लावलाय, पुरे" असं मानू नका. नॉमिनी हा वारस ठरत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

खाजगी ट्रस्ट, म्हणजे ठरावीक व्यक्तीसाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवण्याची व्यवस्था, बहुतेक घरांना नको. विश्वस्त, हिशेब, विवरणपत्रं, शिवाय मुद्रांक शुल्क, एवढा व्याप कशाला? पण गतिमंद किंवा स्वतःचे व्यवहार न सांभाळू शकणारं मूल असेल, तर माझं मत पूर्ण उलटं आहे. मृत्युपत्राने पैसा मिळेल, पण तो वर्षानुवर्षं त्याच्यासाठी कोण खर्च करणार? तिथे ट्रस्टच हवा. मृत्युपत्रातूनही तो स्थापता येतो, म्हणजे तोवर ताबा तुमचाच राहतो.

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसताना कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मात्र या तिघांना पर्याय नाही. ते मालमत्तेबद्दल बोलत नाही आणि तुम्ही जिवंत असतानाच उपयोगी पडतं, म्हणून तो मजकूर मृत्युपत्रात घालू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ च्या निकालाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते साक्षांकित केलं की पुरे. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार सुरू ठेवायचे की नाहीत, हे त्यात लिहायचं आणि तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं द्यायची. तरीही रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं तपासून मगच संमती देतात.

त्यात दोन्ही मुलांची नावं घाला आणि सही करण्याआधी त्यांच्याशी बोला. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद अतिदक्षता विभागात वेळेवर पोहोचत नाही.