गाणी ऐकायला घेतलेला घडीचा फोन: गड्ड्यापासून गणपतीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. अडीच हजारांच्या आतला हा फ्लिप फोन आवाजासाठी घेऊ नका, बटणांसाठी घ्या. आवाज बरा आहे, त्याहून जास्त काही नाही. पण न बघता, एका हातानं, खिशातल्या खिशात गाणं पुढं-मागं करता येणं ही सोय आता तीस हजारांच्या फोनातही सापडत नाही, आणि मला तीच हवी होती.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत गाण्यांसाठी म्हणून विकले जाणारे फ्लिप फोन मी दुकानात आणि ओळखीच्यांकडे हाताळले, ते आतून एकमेकांचे भाऊच निघाले. मेनू तोच, रिंगटोनही त्याच. वर झाकणावर तीन बटणं, खाली ३.५ मिलिमीटरचं इअरफोनचं भोक, दोन सिम, मेमरी कार्डाची जागा, एफएम, काढता येणारी १२०० एमएएचची बॅटरी. नेट नाही म्हटलं तरी चालेल. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी होती तेव्हा नवी पेठेतून घेतला. दुकानदार म्हणाला, "न्या की ओ, रिक्षावाले लई नेतेत."

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-पॅकिंगला आहे. मालकानं खात्यात स्मार्टफोन बंद केलेत, साधा फोन चालतो. दिवसभर दोन्ही हातांत माल असतो, बोटांना सूत आणि कापसाची धूळ चिकटलेली असते. टच स्क्रीन असल्या बोटांना दाद देत नाही. शिवाय स्मार्टफोनवर गाणं बदलायला गेलं की मेसेज दिसतो, मेसेजमागं व्हिडिओ, आणि गाणं राहतं बाजूला. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

२००५ मध्ये सोनी एरिक्सननं वॉकमन हे नाव फोनवर चढवलं आणि लगेच नोकियाही एक्सप्रेसम्युझिक घेऊन आली. तेव्हा कॉलेजात असलेल्यांना कडेची ती गाण्याची बटणं आठवतील. आमच्या वर्गात ज्याच्याकडं तसला फोन होता त्याच्या बाकावर कायम चौघं दाटीनं बसलेली असायची. पुढं काचेच्या फोनांनी बटणं खाल्ली. आता ती परत आली आहेत, पण अगदी स्वस्त प्लास्टिकमध्ये, म्हणजे बांधणीकडून जास्त अपेक्षा ठेवायची नाही.

तर बटणं. मधल्या बटणावर उठावाचा ठिपका आहे. शर्टाच्या खिशावरून अंगठा फिरवला की ठिपका लागतो, दाबलं की गाणं थांबतं. डावीकडचं मागं, उजवीकडचं पुढं, आणि दाबून धरलं की त्याच गाण्यात पळतं. दाबल्याचा टक् असा आवाज बोटाला कळतो. फोन आला की गाणं थांबतं, झाकण उघडलं की उचलला जातो, मिटलं की कटतो, आणि गाणं जिथं होतं तिथून सुरू. सुपरवायझर समोर उभा असताना एका चिमटीत गाणं बंद करता येतं, याचं मोल खात्यात काम करणाऱ्यालाच कळेल.

दोन गोष्टी मात्र आल्या-आल्या बदलून घ्याव्या लागतात. नवीन फोनमध्ये झाकण मिटलं की गाणंही बंद पडतं. सेटिंगमध्ये फ्लिपच्या पर्यायात जाऊन ते काढायचं, नाहीतर फोन दिवसभर उघडा ठेवून हिंडावं लागेल. दुसरं, बाहेरच्या बटणांना लॉक आहे, कडेचं बटण दाबून धरलं की लागतं. गाडीवर जाताना ते लावलंच पाहिजे. न लावता अशोक चौकातून निघालं तर एमआयडीसीच्या फाटकापर्यंत पाच-सहा गाणी नुसती सुरुवातीच्या तुकड्यांत ऐकून होतात.

आता सगळ्यात डोकं खाणारा भाग: कार्ड. फोन ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेतो. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे कमी दर्जाच्या, एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांची सहा हजारांवर गाणी मावतात. ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, भरली तर अडीच हजारांच्या आसपास. जागेचा प्रश्न नाहीच. प्रश्न असा, की या फोनचा प्लेअर हजार गाण्यांपुढं यादीच बनवत नाही. पुढची गाणी कार्डावर असतात, फाइल मॅनेजरमधून शोधून वाजतातही, पण यादीत येत नाहीत. खोक्यावर हे कुठंही छापलेलं नाही.

गाण्यांचा क्रमही नावाप्रमाणं लागत नाही. कार्डावर जी फाइल आधी उतरली ती आधी वाजते. कॉम्प्युटरवर सगळी गाणी एकदम निवडून ओढली तर ती कुठल्या क्रमानं उतरतील याचा नेम नाही. अभंगाच्या मागं लावणी येते ती यामुळं. उपाय असा: कार्ड फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करायचं, म्हणजे पूर्ण कोरं करायचं, फायलींना ००१, ००२ असे आकडे द्यायचे, आणि फोल्डर एकेक करून क्रमानं टाकायचे. फोनला वायर लावून भरायच्या भानगडीत पडू नका, सेकंदाला एक एमबीसुद्धा धड सरकत नाही, पूर्ण कार्ड भरायला रात्र जाईल. शंभर-दीडशे रुपयांचा कार्ड रीडर आणा. फायलींची नावं देवनागरीत दिली तर नीट दिसतात, पण गाण्याच्या आत भरलेली माहिती (गायक, सिनेमा वगैरे) जुन्या पद्धतीची असेल तर पडद्यावर नुसते चौकोन येतात. भाच्यानं एका रविवारी बसून माझ्या सगळ्या गाण्यांची आतली माहितीच पुसून टाकली, तेव्हापासून फाइलचं नाव दिसतं आणि काम भागतं.

फोन बंद करून चालू केला की आपण कुठं होतो हे तो विसरतो. गाण्याला त्याचं काही वाटत नाही, पण दीड तासाचं कीर्तन असेल तर प्रत्येक वेळी नमनापासून सुरुवात. कीर्तनं ऐकणाऱ्यांनी फाइलचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्यावेत.

आवाजाबद्दल. सोबत आलेले इअरफोन त्याच दिवशी खणात टाकावेत. मी चारशे रुपयांचे कानात घट्ट बसणारे वायरचे घेतले आणि फोन एकदम सुधारला. भावगीत, बासरी, एकट्या गळ्याचं काहीही छान लागतं. पखवाज आणि ढोल यांचा खालचा भाग कमी येतो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत बारीक सीऽऽ ऐकू येतं, खात्यात ते कळत नाही, रात्री अंथरुणावर कळतं. आवाजाच्या पायऱ्या फार कमी आहेत. रात्री तिसरी पायरी कमी वाटते आणि चौथी जास्त, मधलं काही नाही. इक्वलायझरमध्ये पाच-सहा नावं आहेत, मी 'नॉर्मल'वरून हललो नाही. ब्लूटूथ आहे आणि चालतं, पण बॅटरी लवकर उतरते आणि वायरपेक्षा आवाज पातळ वाटतो.

इथं एक काळजीची गोष्ट. लूमच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात नव्वद डेसिबलच्या वरचा खडखडाट असतो. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज चढवत जातो आणि कानाला दोन्हींचा मार बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि ९० डेसिबल फक्त चार तास. माझं पॅकिंगचं खातं भिंतीपलीकडं आहे म्हणून जमतं. लूमवरच काम असेल तर हा फोनच काय, कुठलाही फोन तिथं कानाला लावू नये. बाहेरचा गोंगाट अडवणारे रबरी बोळ्यांचे इअरफोन घेतले तर निम्म्या आवाजात भागतं, हा माझा अनुभव.

घरी हा फोन माझा राहत नाही. आई विड्या वळते. दुपारी दारात तिच्या सोबत शेजारच्या दोघी सूप घेऊन बसतात, आणि स्पीकरवर गाणी लागतात. स्पीकर मोठा आहे, तिन्ही घरांना पुरतो. पूर्ण चढवला की फाटतो, पाऊण ठेवायचा. वाजताना झाकण मिटून फोन पाठीवर ठेवला तर आवाज दबतो, कारण स्पीकरची जाळी मागच्या बाजूला आहे. वाटीत उभा करून ठेवला की खणखणीत. पानावर, दोऱ्यावर हात अडकलेले असताना आई बोटाच्या पेरानं बटण दाबते. स्मार्टफोन तिनं आजवर हातात धरला नाही आणि या फोनचं तिला काही शिकवावंही लागलं नाही.

भांडण आहे ते निवडीचं. आईला अभंग, पद्मशाली काकूंना तेलुगू सिनेमाची गाणी, आणि पलीकडच्या अव्वांना कन्नड वचनं. सोलापूर आहे, असंच असणार. तीन फोल्डर केले, तर हा प्लेअर फोल्डर ओळखत नाही, सगळं एकाच यादीत ओततो. मग तीन वेगळी कार्डं केली. पण कार्डाची जागा बॅटरीखाली आहे. बॅटरी काढली की घड्याळ आणि तारीख मागं जाते, आणि सकाळचा गजर वाजत नाही. शेवटी काकूंनी तोड काढली: ज्या दिवशी जिचा चहा, त्या दिवशी तिचं कार्ड. वेळ लावायचं काम माझ्याकडं.

तंबाखूची भुकटी आणि कापसाची धूळ, दोन्ही या फोनच्या जाळीत आणि बिजागरीत जातात. जुन्या टूथब्रशनं आठवड्याला एकदा साफ केलं तर आवाज पूर्ववत होतो. ओलं फडकं लावू नका.

रेडिओ मात्र मनापासून आवडला. आकाशवाणी सोलापूर १०३.४ वर स्वच्छ लागतं. इअरफोनची वायरच अँटेना आहे, ती लावावीच लागते, पण लावून आवाज स्पीकरवर देता येतो. पत्र्याच्या घरात खिडकीकडं वायर सोडली की खरखर जाते. रेडिओवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करता येतो, फाइल कार्डावर पडते. आईची हीच आवडती सोय. पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लावून बसलो तर मोहोळपर्यंत ठीक, कुर्डुवाडीला पोचेपर्यंत खरखरच जास्त.

बॅटरी इअरफोनवर दोन दिवस जाते, स्पीकरवर एक. चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीनं चार्ज होतच नाही. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली वायरच लागते. स्वस्त फोनांत कंपन्या आतला एक छोटा रेझिस्टर वाचवतात, त्यानं नवीन चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही. फोन खराब निघाला म्हणून परत करायला धावू नका, आधी वायर बदलून बघा. मे महिन्यात इथं पारा ४३च्या पुढं गेला तरी बॅटरी फुगली नाही, पण गाडीच्या डिकीत मी तो कधी ठेवलाही नाही.

तक्रार बिजागरीची. झाकण आणि खालचा भाग जोडणारा पातळ पट्टा असतो, दुकानात त्याला फ्लेक्स म्हणतात. फ्लिप फोनचा जीव त्यात. पावसाळा लागला तसा माझा पडदा एका कोनात पांढरा पडायला लागला. गंमत म्हणजे गाणी चालू, बाहेरची बटणं चालू, फक्त दिसायचं काही नाही. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी असूनही फोन तीन आठवडे ठेवून घेतला आणि सुटा भाग येत नाही म्हणून तसाच परत दिला. नंतर ओळखीच्या मेकॅनिकनं तीनशे रुपयांत फ्लेक्स बदलला, तो अजून ठणठणीत आहे. झटका देऊन उघडायची हौस टाळा.

फोन म्हणून सांगायचं तर हा २जी आहे. जिओचं सिम चालत नाही, दुसऱ्या कंपनीचं टाका. बोलणं स्पष्ट, ओटीपी येतो, टॉर्च झकास. इंटरनेटशिवाय पैसे पाठवायची यूपीआय १२३पे सोय मार्च २०२२ पासून आहे, पण मी त्यासाठी घरचा स्मार्टफोनच वापरतो.

एकच फोन ठेवायचा असेल तर हा घेऊ नका. ज्यांची गाणी ॲपवरच आहेत, स्वतःच्या फायली नाहीत, त्यांनीही घेऊ नये, कार्ड भरायचा कंटाळा येईल आणि फोन खणात जाईल. घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी बघा: झाकण मिटून गाणं चालतं का, झाकणाच्या बटणांना लॉक आहे का, आणि कार्ड बॅटरी न काढता निघतं का. तिसरी मिळाली तर शे-दोनशे जास्त द्या. आणि दुकानदार गाणी भरलेलं कार्ड फुकट देतो म्हणाला तर घेऊन घरी फॉरमॅट करा, त्यात निम्मी गाणी अर्धवट असतात आणि उरलेली तुमच्या आवडीची नसतात.