मराठी शब्दकोडं बनवायचं सॉफ्टवेअर: गणपती ते पाडवा वापरून झाल्यावर

वर्गणी संपत आल्याचा मेल येऊन पडलाय. पुन्हा पैसे भरायचे की नाही हे ठरवायच्या आधी सगळं एकदा लिहून काढते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. आडवे-उभे शब्द आपोआप जुळवणं, काळी घरं मांडणं, पीडीएफ काढणं हे सगळं यात आहे, आणि जे मराठी कोडी करतात त्यांना ते ठाऊक असणारच. म्हणून वैशिष्ट्यांची यादी नको.

माझा वापर असा. देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाचं महिन्याचं पत्रक निघतं. एकच ए-फोर कागद, पुढच्या बाजूला नवी पुस्तकं आणि सूचना, मागच्या बाजूला माझं कोडं. झेरॉक्सचा खर्च वाचनालय करतं, सॉफ्टवेअरचा मी. त्यामुळे या पैशात काय मिळतं आणि काय नाही याचा हिशोब मी बारकाईने ठेवते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. याला मराठी अक्षर कळतं. मी आधी जी फुकटची इंग्रजी साधनं वापरून पाहिली त्यांत ‘रत्नागिरी’ लिहिलं की काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं होऊन नऊ घरं अडायची. इथे र, त्ना, गि, री अशी चार घरं होतात, जशी कोडं सोडवणारा माणूस बोटांवर मोजतो तशीच. ‘त्ना’ला उभ्या शब्दात काय जुळेल तेही हे शोधून देतं. पहिल्या रात्री हे पाहिलं तेव्हा झोपायचं सोडून तासभर नुसती गावांची नावं टाकत बसले होते. संगमेश्वर, कुणकेश्वर, आचरा, श्रीवर्धन. एकही अक्षर फुटलं नाही.

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की आमच्याकडे लाइट जाते. एकदाही काम वाया गेलं नाही. आतला शब्दसंग्रह मात्र यथातथाच: खाजण नाही, तिरफळ नाही, सुरंगी नाही, आणि मध्येच हिंदी शब्द सुचवतो. आपले शब्द आपण भरता येतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

आता मुख्य मुद्दा: क्लू, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेली सूचना.

मी लांब क्लू लिहिते. हौसेने आणि मुद्दाम. वर्तमानपत्रातल्या कोड्याला जागा मोजून मिळते. १९१३च्या डिसेंबरात आर्थर विनने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, ते वर्तमानपत्रातच, आणि तेव्हापासून दोन-चार शब्दांचा क्लू हीच चाल पडली. ‘ब्रह्मदेशाचा राजा (२)’ एवढं लिहिलं की काम भागतं; कंसातला आकडा उत्तराच्या घरांचा. ज्याला ठाऊक आहे तो थिबा लिहितो, ज्याला नाही तो पुढच्या क्लूकडे वळतो. दोघांच्याही हाती नवं काही लागत नाही. आमचं पत्रक महिनाभर घरात राहतं. देवघराशेजारी, टीव्हीखाली, कुठे ना कुठे असतं. त्याला दोन शब्दांचा क्लू कशाला? मी असा लिहिला होता:

‘रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, असा उलटा योग १९०८ ते १९१४ या काळात जुळून आला, त्यातला राजा (२)’

टिळक सहा वर्षं मंडालेला होते हे शाळेत शिकलेलं प्रत्येकाला आठवतं. थिबा राजवाडा रत्नागिरीला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. राजाचं राज्य १८८५ साली गेलं, राजवाडा १९१० साली उभा राहिला आणि १९१६ साली राजा तिथेच रत्नागिरीत वारला, हेही पुष्कळांना माहीत असतं. पण टिळक तिकडे असताना तिकडचा राजा आपल्याकडे होता, हे दोन्ही धागे एका ओळीत आले की माणूस थांबतो. त्या महिन्यात वाचनालयात दोन जणी याच क्लूवर बोलत उभ्या होत्या. उत्तर त्यांना आधीच आलं होतं.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. आखूड क्लू कोकणात चालतच नाही, कारण उत्तरं एकमेकांवर आदळतात. ‘भारतरत्न मिळालेले कोकणातले विद्वान (२)’ असा क्लू दिला, तर काणे लिहायचं की कर्वे? दोन्ही दोन घरांचे. एकाला ‘का’, दुसऱ्याला ‘क’, आणि पहिलं घर उभ्या शब्दात अडकलेलं नसेल तर सोडवणाऱ्याने काय करायचं? ‘धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिता लिहिता ज्यांची हयात गेली आणि १९६३ साली ज्यांना भारतरत्न मिळालं’ असं म्हटलं की काणे पक्के होतात. ‘वयाच्या शंभरीत, १९५८ साली’ म्हटलं की कर्वे. म्हणजे क्लूमधली प्रत्येक जादा माहिती एकेक चुकीचं उत्तर बाद करत जाते. आंब्याचंही तसंच. ‘संकरित आंबा (२)’ म्हणजे रत्ना की सिंधू? नीलम आणि हापूस यांचा रत्ना, त्या रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून झालेला सिंधू, आणि सिंधूची कोय अगदी पातळ. हे सांगितल्याशिवाय क्लू पुरा होत नाही. लांब क्लूतला शेवटचा तुकडा नेहमी असाच नेमका असतो. तोच तुटला तर उरलेल्याला काही अर्थ राहत नाही.

आणि हे सॉफ्टवेअर नेमका शेवटचा तुकडा तोडतं.

क्लूच्या चौकटीत तुम्ही कितीही लिहा, स्क्रीनवर सगळं दिसतं. पीडीएफ काढली की शंभर खुणांपाशी, म्हणजे संगणक सुटी मोजतो त्या चिन्हांपाशी, कात्री. शब्द अर्धा राहू नये म्हणून मागच्या पूर्ण शब्दापाशी थांबतं, आणि पुढे तीन ठिपकेसुद्धा देत नाही. वाचणाऱ्याला कळतच नाही की वाक्य पुढे होतं.

जानेवारीच्या कोड्यात हेलियम होता. चार घरं. आमच्या भागात हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं सर्रास सांगतात. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जांसेनने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हा वायू रॅमसेने १८९५ साली मिळवला. लॉकयर विजयदुर्गात खरोखर येऊन गेला, पण तो २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ही गोष्ट आपल्या किल्ल्याला काही कमीपणा आणणारी नाही. इतका मोठा शास्त्रज्ञ बोटीतून इथवर येऊन ग्रहण पाहतो, हे मला तर शोधाच्या दंतकथेपेक्षा जास्त भारी वाटतं. म्हणून मुद्दाम हा क्लू केला:

‘सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेतून सापडलेला वायू, इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरने विजयदुर्गावरून १८९८चे ग्रहण पाहिले, तोवर या वायूच्या शोधाला तीस वर्षे होत आली होती (४)’

छापून काय आलं? ‘सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेतून सापडलेला वायू, इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरने विजयदुर्गावरून’. बस. पुढे कंसात चार. जी समजूत दूर करायला क्लू लिहिला, तीच समजूत माझ्या नावाने गावभर वाटली गेली. पेपर वाचायला येणारे एक आजोबा खुशीत मला म्हणाले, “बाई, म्हंजे तो वायू आपल्या हयच गावलो मां?” त्यांना मी तिथेच सगळं सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण पत्रक नेलेल्या प्रत्येकाला गाठून कसं सांगणार? फेब्रुवारीच्या पत्रकात तो क्लू पूर्ण छापायला लावला, त्यासाठी नव्या पुस्तकांची यादी आखूड करावी लागली.

आता शंभर ही मर्यादा कशी मोजतात ते पाहा, कारण माझा खरा राग तिथे आहे. संगणक ‘र्या’ हे एक अक्षर चार खुणांत साठवतो: र, हलन्त, य, काना. ‘सूर्याच्या’ या शब्दात आपल्या हिशोबाने तीन अक्षरं आहेत, त्याच्या हिशोबाने दहा खुणा. वर जेवढा क्लू छापला गेला त्यात मी अक्षरं मोजली, बेचाळीस भरली. म्हणजे शंभराच्या नावाखाली आम्हाला बेचाळीस. ज्या सॉफ्टवेअरला चौकटीत ‘त्ना’ हे एक घर आहे हे कळतं, त्याच सॉफ्टवेअरला क्लूच्या रकान्यात ते चार खुणांचं वाटतं. अक्षर मोजायची अक्कल आत आहेच, ती दुसऱ्या रकान्याला द्यायला यांना कुणी अडवलंय?

तक्रार केली. आधी इंग्रजीत ठरावीक उत्तर आलं. मग पीडीएफ आणि स्क्रीनचा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवला, तेव्हा फोन आला. मुलगा बोलायला नम्र होता, मराठीच होता.

“मॅडम, क्लू जरा छोटा करून घ्या ना.”

“अहो, छोटा केला की तो खोटा होतो. तुमच्यासमोर आहे ना छापलेला?”

“बाकी कुणाची अशी तक्रार नाहीये, मॅडम.”

“बाकीच्यांनी पीडीएफ ताडून पाहिली नसेल. ठिपके तरी द्या. तुटलंय एवढं तरी कळू द्या माणसाला.”

मग त्याने वरच्या योजनेचं सांगितलं. तिच्यात मर्यादा जास्त, वर्गणी दुपटीच्या जवळ. हे मला अजिबात पटलं नाही. जास्त कोडी, जास्त रंग, जास्त साचे यांचे जास्त पैसे घ्या. लिहिलेलं वाक्य पुरतं छापण्याचे वेगळे पैसे घेणं हा धंद्याचा कुठला प्रकार? तसं त्याला सांगितलं. “कळवतो” म्हणाला.

इथपर्यंतचा मजकूर लिहून दोन दिवस तसाच ठेवला होता. दरम्यान नवं अपडेट आलं, आणि न सांगणं अन्यायाचं होईल म्हणून सांगते: साध्या योजनेतच मर्यादा अडीचशेची झाली आहे. हेलियमचा क्लू टाकून पाहिला, ‘होती’पर्यंत आला. थिबाचा आला. तुटला तर आता ठिपके येतात. त्या मुलाने खरोखर कळवलं असणार, त्याचे मनापासून आभार. मोजणी अजून खुणांचीच आहे, पण अडीचशे खुणांत शंभराच्या आसपास अक्षरं बसतात आणि माझं बहुतेक काम तेवढ्यात होतं. हा मेल आला तेव्हा वर्गणी भरायची नाही असं जवळपास ठरलं होतं. ते आता मागे घेते.

मात्र एक नवी भानगड निघाली आहे. क्लू लांब झाले की सगळं एका पानात बसवण्यासाठी हे आपणहून टाइप बारीक करतं. किती बारीक केलं ते विचारत नाही, सांगत नाही. आमचे निम्मे वाचक सत्तरीच्या पुढचे. पाडव्याच्या पत्रकाची चाचणी प्रत झेरॉक्सवाल्याकडे काढली, तर जोडाक्षरं नुसती काळी ठिपकी दिसत होती, ‘द्ध’ आणि ‘द्व’ मला चष्मा लावूनही वेगळे करता येईनात. दुसरं पान घेतलं तर झेरॉक्सचा खर्च दुप्पट, तो वाचनालयाला परवडणारा नाही.

त्यावर सध्या करतेय ते असं: चौकट तेवढी यातून चित्र म्हणून काढते, क्लू वेगळे साध्या लेखन-फाइलीत टाइप करते, दोन रकाने, टाइप चौदाचा, आणि चौकट कोपऱ्यात बसवते. क्लूंची संख्या कमी करते, क्लू आखूड करत नाही. वेळ जास्त जातो, तासभर तरी, पण पान एकच राहतं आणि आजोबांना वाचता येतं.

वर्गणी भरली. एका वर्षाचीच, तीन वर्षांची सवलत सोडून दिली, कारण टाइपचा आकार आपल्या हातात येतोय का ते आधी बघायचंय. नवीन कुणी घेणार असाल तर फुकटच्या महिन्यातच तुमचा सगळ्यात लांब क्लू टाका, पीडीएफ काढा, ती कागदावर छापा आणि मूळ मजकुराशी शब्द न् शब्द ताडून पाहा. स्क्रीनवर विसंबू नका. आणि टाइप पक्का ठेवायची सोय आत कुठे दडलेली असेल, कुणाला सापडली असेल, तर जरूर सांगा. वैशाखाच्या पत्रकात सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी घ्यायच्या आहेत, आणि त्यांचे क्लू काही आखूड होणार नाहीत.